संशोधन कुणाच्या जिवावर?

रहस्यकथांच्या धंद्यात एक कथानक कधी शिळे होत नाही. कादंबरीकार नव्या पुस्तकासाठी जुन्या खुनाची माहिती काढायला निघतो. कोर्टातले कागद चाळतो, निवृत्त फौजदाराला गाठतो, मयताच्या नातेवाइकांकडे जाऊन बसतो; आणि पुस्तक निम्मे लिहून होते न होते तोच खरा खुनी त्याच्या मागावर असतो. शेवटच्या तीस पानांत दिवे जातात, फोन बंद पडतो आणि लेखकाला कल्पनाशक्तीच्या बळावर स्वतःचा जीव वाचवावा लागतो. वाचकांना हे कथानक आवडते, पण लेखकांना ते त्याहून जास्त आवडते, आणि त्याचे कारण लपवण्यासारखे नाही. दिवसभर खुर्चीत बसून, चहाचे कप रिकामे करत, मृत्यूची वेळ रात्री अकरा ठेवावी की साडेअकरा असले प्रश्न सोडवणाऱ्या माणसाला हे कथानक शूरवीर करून टाकते. या कामात मुरल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की ते मुळातच उलटे बेतलेले आहे. लेखकाचे संशोधन जिवावर उठू शकते, यात शंका नाही. पण विषांच्या, हत्यारांच्या किंवा पोलिसी कार्यपद्धतीच्या माहितीमुळे ते सहसा उठत नाही. ते उठते जिवंत माणसांबद्दलच्या माहितीमुळे. आणि किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत कादंबरीकाराचे नाव शोधू गेले तर क्वचितच सापडते.

गुन्हेगारीवर लिहिणारा दोन प्रकारची माहिती गोळा करतो, आणि बाहेरच्यांना वाटते तितक्या त्या एकमेकींत मिसळलेल्या नसतात. पहिली माहिती पद्धतीची. मोदींच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात प्रेत ताठरण्याचे तास दिलेले असतात, विषांची लक्षणे असतात. पंचनाम्यात कोणता रकाना कुठे, मुद्देमाल सील कसा होतो, प्रयोगशाळेकडे नमुने कोणत्या वाटेने जातात हे कुणीही जाणता वकील किंवा हवालदार सांगतो. नवखा लेखक याच माहितीला घाबरतो. संगणकावर विषाचे नाव शोधले तर पोलीस दारात येतील, असे त्याला वाटत राहते. प्रत्यक्षात इथे चुकले तर हसे होते, एवढेच. मराठीतल्या कितीतरी रहस्यकथा पोलीस ठाण्यात आरोपीने दिलेल्या कबुलीजबाबावर थाटात संपतात. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात साधारणपणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे त्या लेखकांच्या गावीही नसते. दुसरी माहिती माणसांची: कोण कुणाशी बोलले, कुणी नाव सांगितले, मयताची बायको कुठे राहते, साक्षीदार कोर्टात का फिरला. ही माहिती मिळाली की लेखकाला आपले काम जमले असे वाटते. धोका मात्र इथून पुढे असतो.

पद्धतीची माहिती किती निरुपद्रवी असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातील औषधखात्यात त्या काम करत होत्या, त्याची परीक्षाही त्यांनी दिली होती. १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्निनचा जो डाव आहे तो औषधे बनवणाऱ्यालाच सुचावा असा आहे, आणि औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने त्यातल्या अचूकपणाची दखल घेतली होती. चार-पाच दशके ही बाई घराघरांत विषाचे शिक्षण पोचवत होती असे म्हटले तरी चालेल. १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’मध्ये त्यांनी थॅलियमची लक्षणे, विशेषतः केस गळण्याचे लक्षण, बारकाईने लिहिले. पुढे १९७७ मध्ये कतारहून लंडनला आणलेल्या एका तान्ह्या मुलीच्या आजाराचा उलगडा डॉक्टरांना होईना. तिच्या शुश्रूषेला असलेली परिचारिका नेमकी त्याच दिवसांत ही कादंबरी वाचत होती. तिने थॅलियमचा संशय बोलून दाखवला, तपासणीत तो खरा ठरला आणि मूल वाचले. जगातल्या सगळ्यांत जास्त खपलेल्या विषकथांच्या हिशेबात एक वाचलेला जीव असा जमेच्या बाजूला लिहिलेला आहे.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्या पुस्तकातून परिचारिका शिकते, त्याच पुस्तकातून खुनीही शिकेल. इंग्लंडमधल्या ग्रॅहॅम यंगने १९७१ मध्ये कारखान्यातल्या सहकाऱ्यांच्या चहात थॅलियम मिसळले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ख्रिस्तींच्या पुस्तकाकडे बोट दाखवलेच. पण यंग त्याआधीच, १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी घरच्यांवर विषप्रयोग केल्याबद्दल ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात डांबला गेला होता. विषशास्त्राचे खरे ग्रंथ त्याने पोरवयातच पालथे घातले होते, आणि ही कादंबरी वाचल्याचे त्याने नाकारले. या आक्षेपाला त्याहून जड पुरावा अमेरिकेत सापडतो. १९८३ मध्ये पॅलाडिन प्रेस या प्रकाशनाने ‘हिट मॅन’ नावाचे, भाडोत्री खुन्यांसाठीचे म्हणून एक मार्गदर्शक छापले. १९९३ मध्ये मेरीलँडमध्ये एका भाडोत्री माणसाने तीन खून केले आणि या पुस्तकातल्या कितीतरी सूचना तंतोतंत पाळल्या. मृतांच्या नातेवाइकांनी प्रकाशकावर दावा लावला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल इथे चालणार नाही, असे अपील न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले आणि १९९९ मध्ये प्रकाशकाने भरपाई देऊन तडजोड केली. मला या प्रकरणातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो: हे पुस्तक आधी रहस्यकादंबरी म्हणून योजलेले होते आणि नंतर त्याचे मार्गदर्शक करण्यात आले, असे सांगितले जाते. लिहिणारी व्यक्ती कुणी मारेकरी नव्हती, सिनेमे आणि रहस्यकथा यांवरूनच तिने बरेच काही जुळवले होते. म्हणजे माहिती तीच. कादंबरीत ती पात्राच्या हाती असते, त्याची भीती, त्याची चूक आणि त्याचा शेवट तिला चिकटलेला असतो. मार्गदर्शकात ती थेट वाचणाऱ्याच्या हाती दिली जाते. आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच, आणि कादंबरीकाराने त्यातून घ्यायचा धडाही इतकाच की कृती पूर्ण लिहू नये, एखादी पायरी गाळावी. चांगले लेखक ती गाळतातच. कथेला तिची गरजही नसते.

आता ज्या प्रकरणामुळे ‘लेखिकेचे संशोधन’ हे शब्द जगभरच्या बातम्यांत झळकले, ते पाहू. २ जून २०१८ रोजी सकाळी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, पाककला शिकवणाऱ्या एका संस्थेच्या स्वयंपाकघरात, डॅनियल ब्रॉफी या शिक्षकाला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याची बायको नॅन्सी क्रॅम्पटन ब्रॉफी प्रणयरम्य रहस्यकादंबऱ्या लिहायची, आणि नवऱ्याचा खून कसा करावा अशा मथळ्याचा एक लेख तिने काही वर्षांपूर्वी लिहिला होता. मथळेवाल्यांना याहून काय हवे! खटल्यात मात्र न्यायाधीशांनी तो लेख पुराव्यातून वगळला. जुने, एका चर्चासत्रासाठी केलेले लेखन ज्युरीचे मन कलुषित करील, असे त्यांनी मानले. पुरावा होता तो वेगळाच. तिने सुट्या भागांचा, नोंद नसलेल्या पिस्तुलाचा संच मागवला होता. नंतर शस्त्रप्रदर्शनातून ग्लॉक पिस्तूल घेतले. मग त्याच पिस्तुलाला बसणारी नळी आणि वरचा सरकता भाग ऑनलाइन घेतला. गोळ्या कोणत्या नळीतून सुटल्या हे कळू नये म्हणून ही अदलाबदल, असे सरकारी पक्षाचे म्हणणे; ती नळी शेवटपर्यंत सापडली नाही. त्या सकाळी आपण घरीच होतो असे सांगणाऱ्या या बाईची गाडी संस्थेच्या आसपास कॅमेऱ्यात दिसली. दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा विमा आणि घरची आर्थिक ओढाताण हा हेतू म्हणून पुढे आला. तिचे उत्तर होते, सुट्या भागांची खरेदी कादंबरीच्या संशोधनासाठी होती. मे २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवले आणि पुढच्या महिन्यात जन्मठेप झाली.

या खटल्याचे सार लोकांनी उलटे काढले. लेखिका खुनांत इतकी बुडाली की शेवटी खूनच करून बसली, अशी गोष्ट सांगितली गेली, आणि तशी ती रंगतेही. पण संशोधनाने इथे खून घडवला, असे दाखवणारा एकही दुवा नाही. संशोधन हे खरेदीचे कारण म्हणून पुढे केलेले आवरण होते. आमच्या पेशाला समाजाने दिलेली एक सवलत आहे: खुनाबद्दल काहीही विचारा, लेखक आहात म्हटल्यावर समोरचा हसून सांगतो. बंदुकीच्या दुकानदारापासून शवागारातल्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळे ही सवलत देतात. तिने ती वापरली आणि ज्युरीने ती मानली नाही. पोलंडच्या क्रिस्तियान बालाचेही थोडेफार असेच. २००० च्या डिसेंबरात ओडर नदीत एका व्यावसायिकाचे प्रेत सापडले, २००३ मध्ये बालाची ‘अमोक’ ही कादंबरी आली आणि तीत खुनाशी जुळणारे तपशील आहेत अशी चर्चा झाली. २००७ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. कादंबरीने पोलिसांचे कुतूहल चाळवले असेल, पण धागा हाती लागला तो मयताच्या मोबाइलमुळे. खुनानंतर थोड्याच दिवसांत तो एका लिलाव-संकेतस्थळावर विकला गेला होता, आणि विकणारा बाला होता. खून आधी आणि कादंबरी नंतर, असा तो क्रम आहे. त्याला संशोधन म्हणणे म्हणजे खुन्याने स्वतःला दिलेली पदवी मान्य करणे होय.

पद्धतीची बाजू मी इथे संपवतो, कारण तिच्यात खोल असे फारसे उरत नाही. माणसांची बाजू मात्र दिसते त्याहून गुंतागुंतीची आहे. ट्रुमन कपोटी यांचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्ससमधल्या होलकॉम्ब गावी क्लटर कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. कपोटी तिथे गेले, सोबत बालमैत्रीण हार्पर ली होती, आणि पुढे काही वर्षे ते दोन्ही खुन्यांशी पत्रव्यवहार करत, त्यांना भेटत राहिले. पुस्तक जवळजवळ तयार होते, फक्त शेवट नव्हता. आणि शेवट म्हणजे फाशी. अपिले चालू राहिली तशी कपोटींची अस्वस्थता वाढत गेली, ती त्यांच्या पत्रांत स्पष्ट दिसते. १४ एप्रिल १९६५ रोजी दोघांना फाशी झाली, कपोटी हजर होते, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून ‘इन कोल्ड ब्लड’ साप्ताहिकातून क्रमशः छापून येऊ लागले. कपोटींनी कुणाला मारले नाही, फाशी कायद्याने झाली, अपिलांच्या निकालांवर त्यांचा काही प्रभाव पडला असेही कुणी सिद्ध केलेले नाही. तरी ज्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकून मन मोकळे केले, त्याच्या मरणावाचून आपले पुस्तक पुरे होत नाही, अशी स्थिती लेखकाने स्वतःच ओढवून घेतली होती. पुस्तकातला प्रत्येक शब्द खरा असल्याचा दावा करणाऱ्या कपोटींनी शेवटचा स्मशानातला प्रसंग कल्पनेने रचला, हे नंतर उघड झाले. म्हणजे शेवट रचता येत होता! मग वाट कशाची पाहिली, हा प्रश्न मला त्या पुस्तकाच्या सौंदर्याहून मोठा वाटतो. त्यानंतर त्यांच्याकडून दुसरी कादंबरी पुरी झाली नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे.

ऑस्ट्रियाच्या याक उंटरवेगरची हकीकत याहून काळी. एका तरुणीच्या खुनासाठी १९७६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात त्याने आत्मकथन लिहिले, ते गाजले, नामवंत साहित्यिकांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या दिल्या आणि १९९० मध्ये तो बाहेर आला. मग तो पत्रकार झाला. व्हिएन्नात वेश्यांचे खून होऊ लागले तेव्हा हाच माणूस त्या खुनांवर वार्तांकन करत होता, पोलीस अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेत होता. १९९१ मध्ये एका नियतकालिकासाठी लॉस एंजेलिसला गेला, तिथल्या पोलिसांच्या गाडीतून वेश्यावस्ती पाहून आला, आणि त्याच मुक्कामात तिथे तीन स्त्रिया मारल्या गेल्या. जून १९९४ मध्ये ग्राझच्या न्यायालयाने नऊ खुनांत त्याला दोषी ठरवले. त्याच रात्री त्याने कोठडीत गळफास घेतला. जीवघेणे संशोधन हा शब्दप्रयोग अक्षरशः लागू पडावा असे हे एक प्रकरण. पण यात मारेकऱ्याला उपयोगी पडले काय? खून कसा करावा हे त्याला वस्तीत जाऊन शिकायचे नव्हते. लेखक या ओळखीने त्याला दारे उघडून मिळाली, तपास कुठवर आला आहे ते कळत राहिले आणि वस्तीतल्या बायकांपर्यंत बिनसंशय पोचता आले. त्याच्या गद्यावर भाळून सह्या देणाऱ्यांपैकी कुणाला याची झळ लागली नाही. मेल्या त्या ज्यांच्यावर तो ‘लिहिणार’ होता त्या बायका.

या दोन उदाहरणांना विलायती म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी मुंबईचे उदाहरण आहे. ज्योतिर्मय डे हे गुन्हेगारी जगतावर लिहिणारे पत्रकार. खबऱ्यांच्या जगावरचे ‘झीरो डायल’ हे त्यांचे पुस्तक २०१० मध्ये आले. पोलीस, टोळ्या आणि दोघांच्या मध्ये वावरणारे खबरी या तिन्हींकडे उठबस असल्याशिवाय असे पुस्तक लिहिता येत नाही. ११ जून २०११ रोजी दुपारी, पवईत, मोटारसायकलवरून घरी जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. फिर्यादी पक्षाची मांडणी अशी होती की टोळीप्रमुख छोटा राजन डे यांच्या बातम्यांमुळे आणि येऊ घातलेल्या पुस्तकामुळे चिडला होता; त्या पुस्तकात आपली चिंधी केली जाणार, असे त्याला वाटत होते. २ मे २०१८ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने राजनसह नऊजणांना जन्मठेप दिली. इथे लेखक मेला, हे खरे. आणि माझे म्हणणे खोडायला कुणी हेच उदाहरण पुढे करील. पण डे यांच्या माहितीचे स्वरूप पाहा. टोळीवाले खून कसे पाडतात हे मुंबईत गुपित नव्हते, त्यावर सिनेमे निघत होते आणि टोळीवाले ते चवीने पाहत होते. डे यांच्याकडे होते ते एका जिवंत माणसाचे माप. त्या माणसाची दहशत आणि धंदा दोन्ही नावावर चालतात. ते नाव छापील पानावर लहान होणार, एवढी भीती पुरेशी ठरली, आणि तीही छपाईआधीच. याच खटल्यात एका महिला पत्रकारावर डे यांची माहिती टोळीला पुरवल्याचा आरोप होता. न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, तोवर तिचे कितीतरी महिने भायखळ्याच्या तुरुंगात गेले होते आणि नोकरीही राहिली नव्हती. एकाच प्रकरणात एकाचा जीव गेला, दुसरीची काही वर्षे गेली. दोघेही खऱ्या नावांनिशी लिहिणारे होते. कल्पित रहस्यकथा लिहिणारा या घटनेत कुठेच नाही, आणि तरीही पुढची दहा वर्षे कथानकाचा कच्चा माल म्हणून ती वापरणारे आम्हीच.

कादंबरीकार म्हणेल, आम्ही नावे बदलतो. हा बचाव सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात कमी टिकतो. नाव बदलून मुंबईसारख्या शहरात काही अंशी भागते. तालुक्याच्या गावात भागत नाही. घटनेचे वर्ष, विहिरीची जागा, मयताचा व्यवसाय, धाकट्या दिराचे व्यंग एवढे तपशील आले की गावातला कुणीही बोट ठेवून सांगतो, ही अमक्याची सून. शिवाय माहिती आता पूर्वीसारखी दडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबर अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. आदेश आरोपीच्या हक्कांसाठी योग्यच आहे. पण लेखकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की फिर्यादीचे नाव, पत्ता, घटनेची तिच्या तोंडची हकीकत, हे सगळे घरबसल्या वाचायला मिळते. कादंबरीतला प्रसंग आणि तो अहवाल शेजारी ठेवून जुळवायला कुण्या डिटेक्टिव्हची गरज नाही. साक्षीदाराने कोर्टात जायचे बाकी असताना त्याने पोलिसांना काय सांगितले हे वाचकांना ‘काल्पनिक’ पात्राच्या तोंडून कळले, तर त्याच्या दारात कोण उभे राहील, याचा विचार प्रकाशनसमारंभात कुणी करत नाही. खटला चालू असताना त्यावरचे लेखन किती नाजूक असते हे न्यायालयाने एकदा ठणकावूनही सांगितले आहे: १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरच्या हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून निघालेला ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट मुंबई उच्च न्यायालयाने रोखून धरला आणि तो २००७ मध्ये, खटल्याचा निकाल लागल्यावर, पडद्यावर आला. तेव्हा चित्रपटवाल्यांचे नुकसान झाले. मला ते नुकसान रास्त वाटते.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र उरतोच. अशी काळजी घेत बसले तर खऱ्या अन्यायावर कुणी लिहायचेच नाही का? रोबेर्तो साव्हियानो यांनी २००६ मध्ये ‘गोमोरा’ लिहून नेपल्सच्या टोळ्यांची नावे घेतली आणि त्याच वर्षापासून ते पोलीस पहाऱ्यात जगत आहेत. त्यांनी गप्प बसायला हवे होते का? नाही. पण साव्हियानो आणि डे यांनी जोखीम घेतली ती स्वतःच्या नावावर, आणि समोरचा माणूस बलाढ्य होता. फरक पडतो तो इथे. आर्थर कॉनन डॉयल यांनी जॉर्ज एडलजीसाठी केलेले कामही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. एडलजीचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक झालेले. जनावरे कापल्याच्या आरोपावरून या वकील मुलाला १९०३ मध्ये सक्तमजुरी झाली. त्याची नजर इतकी अधू होती की काळोखात शेते तुडवत जाऊन हे कृत्य करणे त्याला शक्य नव्हते, हे डॉयल यांनी पाहताक्षणी ओळखले आणि १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून मांडले. एडलजीला माफी मिळाली, पुन्हा वकिली करता आली. हे संशोधन ज्याच्याबद्दल होते त्यालाच ते हवे होते, म्हणून ते तारक ठरले. पण पुढे काय झाले ते डॉयलभक्त सांगत नाहीत. एक निर्दोष सोडवल्यावर डॉयलना खरा गुन्हेगारही शोधायचा होता. त्यांनी त्याच भागातल्या एका माणसावर संशय धरून गृहखात्याकडे कागद धाडले. ते कधीच सिद्ध झाले नाही. होम्सच्या निर्मात्यालाही कादंबरीची सवय सुटली नाही, शेवटी एक नाव हवेच होते.

मराठी रहस्यकथेला हा प्रश्न फार काळ पडला नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड कुठल्याही पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत नव्हता; गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या नायकांनी लोळवलेले खलनायक कुणाचे काका-मामा नव्हते. त्या पुस्तकांना कागदी म्हणून नाके मुरडली गेली, पण त्यांच्यामुळे कुणाला गाव सोडावे लागले असे ऐकिवात नाही. आता मागणी आहे ती खऱ्याची. मानवतचे खून, पुण्याचे जोशी-अभ्यंकर प्रकरण, यांवर पुन्हा पुन्हा लेखन होते, मालिका निघतात, आणि नव्या लेखकाला सल्ला मिळतो तो असा की एखादी केस पकड. सल्ला देणारा केसमधल्या माणसांबद्दल बोलत नाही. जोशी आणि अभ्यंकर या नावांनी ते खून ओळखले जातात, आणि त्या आडनावांची माणसे आजही त्याच शहरात राहतात.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. कथेवर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी ओळ टाकण्याआधी लेखकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: या घटनेतले कोण कोण हयात आहे, त्यांतल्या कुणाला हे लेखन होत असल्याचे माहीत आहे, आणि खटला किंवा अपील अजून प्रलंबित आहे का. उत्तरे नसतील तर ती ओळ काढावी. आणि ओळ काढूनही माणसे ओळखू येत असतील तर कथा पुढच्या वर्षीसाठी ठेवावी.